खंडूची शपथ

भाऊसाहेब, तू गेलास तेव्हा खंडू दरीवर लोंबकळत होता. तुटलेल्या झुलत्या पुलाचा एक दोर त्याच्या मनगटाला गुंडाळलेला, खाली नुसतं धुकं, आणि कड्यावरून शैलाच्या वैदूबाईनं वाकून हात पुढे केलेला. मी तुला विचारलं, "हात धरतोस का?" तू हसलास. म्हणालास, "थांब, पंच. आधी चहा होऊ दे."

चहा आला आणि तुझा फोन वाजला. कारखान्यात गाळप जोरात चालू होतं, प्रयोगशाळेतला दुसरा केमिस्ट आजारी पडला होता. तू हेल्मेट उचललंस आणि दारातून म्हणालास, "रविवारी सांगतो. तोवर त्याला पाडू नको." बुधवारी सकाळी मंदावहिनींचा फोन आला. अंगणात मोटरसायकल पुसता पुसता तू खाली बसलास आणि उठला नाहीस, एवढंच त्या बोलू शकल्या.

उद्या प्रवरेच्या घाटावर तुझा दहावा आहे. माइकवरून तुझ्या नोकरीचं, रानाचं, नात्यागोत्याचं सांगितलं जाईल. खंडूचं कोणी सांगणार नाही. ते मला सांगायचं आहे, आणि तुलाच सांगायचं आहे. कारण फोन खाली ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की आता खंडूचं काय. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला: त्याला तिथं टांगलं मी.

पन्नाशीची चार माणसं दर रविवारी दुपारी भिंगारला एका स्पेअर पार्टच्या दुकानामागे बसून काय करतात, हे मला कोणाला धड सांगता आलं नाही. तू वहिनींना सांगितलंस तेच त्यातल्या त्यात बरं. "सुधीर गोष्ट सांगतो आन संकटं आणतो. आमी तिघं तीन सोंगं घेतो आन वाट काढतो. जमलं का न्हाई ते फासा ठरवतो. आन भांडण लागलं की सुधीर पंच." वहिनींनी विचारलं, "आणि जिंकतं कोण?" तू म्हणालास, "कोनीच न्हाई. म्हणून तर परत जावं लागतं."

माझी मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि तिचा ह्या खेळाचा खोका घरी राहिला. इंग्रजी नियमांचं जाडजूड पुस्तक, वीस बाजूंचा फासा, कोरे कागद. कॉलेजपासूनची आपली चौकडी, गुडघ्यांनी बॅडमिंटन सोडायला लावलेलं. पहिल्या रविवारी मी चर्चमधून परस्पर खोका घेऊन रफिकच्या दुकानात आलो. रफिकनं चोर व्हायचं ठरवलं, त्याचं नाव लखू. शैला जन्मभर नर्सची नोकरी करून पुन्हा वैदूबाईच झाली. तू तिला म्हणालास, "अगं, इथं तरी तलवार घे की." ती म्हणाली, "इथले पेशंट माझं ऐकतात."

तू घेतलास खंडू वाटाड्या. डोंगरात वाटा दाखवणारा, जाडाभरडा, फारसं न बोलणारा. पुस्तकात पात्रांनी घ्यायच्या शपथा होत्या. मी त्या एकेक करून मराठीत सांगत गेलो, आणि एका शपथेशी तू मला थांबवलंस. स्वावलंबनाची शपथ. मी तिचं मराठी केलं, "माझा भार मीच वाहीन." ती पाळली तर ऐन संकटात खंडूच्या अंगात जास्तीचं बळ येणार. एकदा मोडली की ते बळ कायमचं गेलं. मोडली की नाही, हे पंचानं ठरवायचं.

"हीच दे," तू म्हणालास.

मला ती शपथ सोपी वाटली होती. कोणाकडून काही घ्यायचं नाही, झालं. मी स्वतः तसाच जगत आलोय असा माझा समज होता. कोणाच्या उपकारात नाही, हे वाक्य मी शाळेत मुलांना अभिमानानं ऐकवायचो. त्यामुळे खंडू तुझा असला तरी त्याची शपथ माझीच आहे, असं मी मनोमन धरून बसलो होतो. आपलं पुढचं सगळं भांडण तिथून सुरू झालं.

पहिलं भांडण तुला आठवत असेल. लांडग्यांनी खंडूला फाडलं, तो बेशुद्ध पडला, आणि वैदूबाईनं जखम बांधली. मी उदार मनानं निर्णय दिला, बेशुद्ध माणूस काही घेत नाही, तेव्हा शपथ शाबूत. तू मान हलवलीस.

"न्हाई पंच. घेतलं म्हंजे घेतलं."

"मग शपथ मोडली."

"मोडली कशी? आज रात्री हिचा पहारा मी करनार. हिचं ओझं उद्या माझ्या पाठीवर. सावड हाय ही."

शैला जिल्हा रुग्णालयाच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, रफिक भिंगारच्या बाजारात. दोघांना सावड हा शब्द नुसता ऐकून माहीत. तू फासे बाजूला सारलेस आणि तुझ्या गावच्या, देवळालीच्या कांद्यावर आलास. लागवडीला एका घराची माणसं पुरत नाहीत, म्हणून सगळे मिळून आज एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही, आभार नाहीत. पाळी आली की जायचं.

"म्हणजे देवाणघेवाण," मी म्हणालो. "उसनवारी. ती तर शपथेत बसतच नाही."

"उसनवारी असती तर तारामावशीला कोनी घेतलंच नसतं. एकटी बाई, एक एकर रान. तिच्याकडून येनार एक, तिच्यात जानार आमी धाजन. कोन मोजतं? ती येते, बास."

"पुस्तकात असलं काही नाही, भाऊसाहेब."

"पुस्तक लिहिनाऱ्याला माहीत न्हाई, त्यात खंडूचा काय दोष?"

रफिक म्हणाला, "पंच, देऊन टाक. नाहीतर हा आता कांद्याचा भाव सांगायला लागेल." मी दिलं. पण मनातून दिलं नव्हतं. तुझी ही पळवाट आहे, असंच मला वाटत राहिलं.

पळवाट असती तर तू ती सोयीनं वापरली असतीस. मी वाट पाहिली त्याची. तू कधीच तसं केलं नाहीस. उलट त्या शपथेनं खंडू आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त अडकत गेला. वाळवंटात लखूच्या पखालीतलं पाणी प्यायला म्हणून पुढची सगळी वाट तो लखूच्या आधी उठायचा. एका गावात म्हातारीनं भाकरी दिली, तर बाकीचे दोघं पुढं निघालेले असताना खंडू तिचं कोसळलेलं कुंपण घालत बसला. मला ते कुंपण माहीतही नव्हतं. तू विचारलंस, "म्हातारीच्या घरात मोडकं काय काय हाय?" आणि मला ते तिथल्या तिथं शोधावं लागलं. तुझ्या खंडूमुळे माझ्या गोष्टीतल्या गावांना कुंपणं आली, विहिरींना रहाट आले, माणसांना अडचणी आल्या. मी आणलेल्या संकटांपेक्षा त्या खऱ्या होत्या.

आणि लखूची गोष्ट. रफिकला तो चोर नकोसा झाला होता, नवीन पात्र घ्यायचं होतं. म्हणून त्यानं लखूकडून सगळ्यांचं सामान चोरवलं आणि त्याला किल्ल्यात पकडवून दिलं. "मरू दे त्याला," रफिक म्हणाला, "मला आता जादूगार व्हायचंय." शैलाही तयार झाली. तू मात्र खंडूला मागे फिरवलंस, एकटा.

मी म्हणालो, "अरे, त्यानं तुझी कांबळ चोरली. तू त्याचं काही देणं लागत नाहीस."

"माझ्याकडं काय न्हाईच. पाळी त्याची राहिलीय. तो न्हाई आला तर सावड मोडती, म्हणून आनायला चाललो."

फासा तुझ्या बाजूनं पडला नाही. दोनदा खंडू मरता मरता वाचला. शेवटी तो लखूला पाठीवर टाकून भुयारातून बाहेर आला, तेव्हा रफिकनं जादूगारासाठी काढलेला कोरा कागद परत खोक्यात टाकला. मग म्हणाला, "राहू दे मग लखूच." त्यानंतर लखूनं आपल्यातल्या कोणाचं काही चोरलं नाही. मी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला माणूस, आणि समोर बसून पाहत होतो की कोणाकडून काही न घेण्याची एक रूक्ष शपथ तुझ्या हातात उलटीपालटी होऊन माणसं धरून ठेवायला लागलीय. मी थक्क झालो होतो. तुला ते कधी बोललो नाही. पंचानं बोलायचं नसतं, अशी स्वतःची समजूत घातली.

त्याऐवजी मी पूल बांधला.

हे तुला सांगायलाच हवं. तो झुलता पूल मी महिनाभर डोक्यात विणत होतो. दोर असे की अलीकडच्या काठावर एकानं ते पाठीला लावून ताणून धरावेत, तेव्हाच बाकीच्यांना पार जाता येईल. धरणारा अर्थातच शेवटी राहणार, आणि तो पुलावर आला की पूल तुटणार. धरणारा खंडूच असेल, याची मला खात्री होती. तुझा स्वभाव माहीत होता म्हणूनच तो सापळा लागत होता. मग खंडूसमोर दोनच गोष्टी उरतात. हात धरला की शपथ मोडली, कारण दरीवर लटकलेल्या माणसाकडे त्या क्षणी परत द्यायला काही नसतं. नाही धरला की संपला. मला एकदा, फक्त एकदा, तुझ्याकडून ऐकायचं होतं की पंच, तुझं बरोबर आहे, घेणं म्हणजे घेणं.

खरं कारण खेळाच्या बाहेरचं होतं. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या ऑपरेशनच्या वेळी तू ड्युटी संपवून रोज नगरला यायचास. वहिनींनी दिलेला डबा ठेवायचास, बाकावर माझ्या शेजारी बसायचास, बोलायचास ते खंडूबद्दल. सुनंदा घरी आली तेव्हा मी म्हणालो, "भाऊसाहेब, हे उपकार मी कसे फेडू?" तुझा चेहराच उतरला. "उपकार म्हनालास तर परत तोंड दाखवनार न्हाई. लागवडीला ये, झालं."

मी ते बोलण्याची रीत समजलो. पुढं दरवर्षी तू विचारायचास, "औंदा येतोस का लागवडीला?" आणि मी म्हणायचो, नाताळ होऊ दे. नाताळ झाला की म्हणायचो, पेपर तपासायचेत. तू हसून सोडून द्यायचास. मी आलो नाही, आणि तुझं माझ्यावर काही आहे हे मनातून जातही नव्हतं. म्हणून मला तुझा खंडू सलायचा. तो ज्याचं घ्यायचा त्याच्याकडे ताठ मानेनं पाहायचा. मला ते जमत नव्हतं.

शनिवारी आम्ही तिघं रफिकच्या गाडीतून देवळालीला आलो. ओट्यावर तुझे चुलते बसले होते. वहिनी आतून आल्या, शैलाच्या गळ्यात पडून रडल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "घरात कोणी नाही. सगळे रानात आहेत, आपल्याच."

मला कळेना. सुतकात रानात कोण काम करतं?

वहिनी म्हणाल्या, "आम्ही नाही. सावडीची माणसं आलीत. रोप थांबत नाही ना."

बांधावर पोचलो आणि तिथंच उभा राहिलो, भाऊसाहेब. तुझ्या रानात पाणी सोडलेल्या वाफ्यांत माणसं ओणवी झाली होती. बायका, पोरी, दोन-तीन बाप्ये. रोपांच्या जुड्या इकडून तिकडे फेकल्या जात होत्या. कोणी रडत नव्हतं, कोणी गातही नव्हतं. एक पोरगी मोबाईलवर कोणाला तरी दुपारच्या जेवणाचं सांगत होती. आणि त्यांच्या मागे ओल्या काळ्या मातीत हिरव्या ओळी उठत चालल्या होत्या, जणू तू घरात जेवायला गेला आहेस. देवळात, चर्चमध्ये, कुठंही मला असं उभं राहावंसं वाटलं नव्हतं.

कडेला बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं वर पाहिलं. "भिंगारचं मास्तर का तुमी?"

"हो. तुम्ही तारामावशी?"

"व्हय. खेळात संकटं आनता ते तुमीच ना? सांगायचा तो." त्या हात न थांबवता बोलत होत्या. "लई हसायचो आमी. एवढा मोठा सायब मानूस, बायकांच्या ओळीत बसायचा लावायला. ओळ लई वाकडी यायची त्याची. पन यायचा."

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. म्हणालो, "मावशी, अशा वेळी तुम्ही सगळे मदतीला धावून आलात..."

"मदत कशाची?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पाळी हाय त्याची. पल्याडच्या दोन्ही रानांत आधी लावून गेलाय तो. आता त्याचं लावायचं. त्यात मदत कुठनं आली?"

आधी लावून गेलाय तो. मी ते ऐकलं आणि मला पूल दिसला. अलीकडच्या काठावर दोर पाठीला लावून उभा असलेला खंडू. शैला पार गेली, लखू पार गेला, त्याचे खांदे सोलून निघालेत, आणि तो हलत नाही. मी तो सगळा भाग सापळ्याची तयारी म्हणून सांगितला होता. तू तो पाळी म्हणून खेळलास. लटकलेल्या माणसाकडे द्यायला काही नाही म्हणे. त्यानं आधीच दिलं होतं. पुढे आलेला तो हात त्याच्या रानात आलेली सावड होती. एवढं साधं, आणि ते पूल बांधणाऱ्यालाच दिसलं नव्हतं.

शैला तोवर साडी खोचून वाफ्यात उतरली होती. रफिक जुड्या वाहत होता. तारामावशी म्हणाल्या, "आमची लागवड सोमवारी हाय. भाऊसायबाच्या जागी कोन येनार? घरच्यांना तर सुतक."

"मी येतो," मी म्हणालो.

"तुमी?" बाजूची पोरगी फिसकन हसली. मावशी म्हणाल्या, "कंबर धरंल, मास्तर."

"धरू दे."

रविवारी आम्ही दुकानामागे जमलो. खेळायला नव्हे, पण दुसरीकडे कुठं जावं ते कळेना. टेबलावर फासे होते तसेच होते. मी शैलाला आणि रफिकला पुलाचं सगळं सांगून टाकलं. सापळा होता, तुला हरवायचा होता, आणि तू त्यातच लटकलेला असताना गेलास.

शैला म्हणाली, "माहीत होतं आम्हाला. तुझा चेहराच सांगत होता."

"भाऊसाहेबाला?"

रफिकनं माझ्याकडे पाहिलं नाही. "मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलो होतो ना. मी म्हटलं, अरे, सरळ हात धर, तू पूल धरला होतास, सावडच झाली की. तो म्हणाला, ठाऊक हाय रे. पन पंचानं लई खपून बांधलाय त्यो पूल. लगेच मोडला तर त्याला काय वाटंल. एक आठवडा राहू दे त्याला खुशीत."

भाऊसाहेब, मी तुला दरीवर टांगलं, आणि तिथं लटकूनही तू माझंच मन सांभाळत होतास. मी पंच म्हणून निर्णय दिला, तो तुलाही कळावा म्हणून इथं लिहितो. खंडूनं वैदूबाईचा हात धरला. शपथ मोडली नाही. ती कधीच मोडलेली नव्हती. फासा टाकण्याची गरज नाही.

"ओढते मग," शैला म्हणाली, आणि तिनं खरोखरच टेबलावरून हात पुढं करून मागं घेतला. रफिक उठून दुकानाच्या पुढच्या भागात गेला आणि बराच वेळ काहीतरी आवरत राहिला.

सोमवारी मी शाळेत रजा टाकली आणि पहिल्या एसटीनं देवळालीला आलो. तारामावशींनी मला तुझ्या जागी बसवलं, दोन बायकांच्या मधे. डाव्या हातात जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्यानं रोप चिखलात दाबायचं, सरकायचं. चिखल गार होता. माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका माझ्यापुढं निघून गेल्या, मग परत येऊन त्यांनी मला गाठलं, हसत. कोणी माझी रोपं लावून दिली नाहीत. लावेपर्यंत थांबल्या फक्त.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा माझी ओळ संपली. मला उठता येईना. तारामावशी कमरेवर हात ठेवून मागं आल्या, आणि त्यांनी ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिली. मधेच उजवीकडं कलंडलेली, पुढं पुन्हा डावीकडं आलेली.

"भाऊसायबाचीच हाय ही," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या वाफ्यात पाणी सोडायला सांगितलं.